जुन्या गाडीची हिस्ट्री काढायची साधनं: एमपरिवहन, पीयूसी, सर्व्हिस रेकॉर्ड आणि उद्यमनगरचे मिस्त्री (रिव्ह्यू, कोल्हापूर)

कोल्हापुरात जुनी गाडी बघायला गेलं की ॲव्हरेज नंतर, आधी "पुरात होती का?" हे विचारायचं असतं आणि त्याचं उत्तर सगळ्या डीलरकडं एकच असतं, "छे छे म्याडम, तेव्हा गाडी गावाला होती." २०१९ च्या पुरात गावाला होती, २०२१ च्या पुरात पण गावालाच होती, मग व्हीनस कॉर्नरला आणि शाहूपुरीत पाण्यात उभ्या होत्या त्या गाड्या कुणाच्या होत्या आणि आता कुठं आहेत हे कुणालाच माहीत नाही.

तर हा रिव्ह्यू कुठल्या एका गाडीचा नाही. मला कळंब्यातून कागलला शाळेत जायला-यायला गाडी पाहिजे होती, बजेट साडेतीन लाखाच्या आत, म्हणजे गाडी आठ-दहा वर्षं जुनी असणार हे धरूनच चाललो होतो. अशा गाडीची याआधी कुणी कधी तपासणी केलीय का, केली असेल तर ते कुठं लिहिलेलं असतं आणि आपल्याला कसं बघायला मिळतं, यासाठी जे जे वापरलं त्याचा हा रिव्ह्यू. घाईत असाल तर एवढंच वाचा: सरकारी ॲप (एमपरिवहन) कामाचं आहे पण अर्धं, पीयूसीच्या (धूर तपासणीच्या) जुन्या चिठ्ठ्या वाटतात त्यापेक्षा जास्त बोलतात, कंपनीचं सर्व्हिस रेकॉर्ड सगळ्यात भारी, आणि हे सगळं झाल्यावर पण गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता आधी हे डोक्यात बसवा की आपल्याकडं खासगी गाडीची सरकारी तपासणी होते तरी कधी. नवीन गाडीचं पासिंग झालं की आरसी १५ वर्षांची मिळते. मग १५ वर्षं भरली की फॉर्म २५ भरायचा, गाडी आरटीओला न्यायची, मोटार वाहन निरीक्षक बघणार आणि पुढं ५ वर्षं वाढवून मिळणार, परत ५ वर्षांनी तेच. टॅक्सी-टेम्पोचं वेगळं, त्यांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस लागतो. पण आपण जी दहा वर्षांची खासगी गाडी बघायला जातो तिला ब्रेक लागतो का, स्टिअरिंग घट्ट आहे का, खाली गंजलीय का हे सरकारच्या वतीनं पहिल्या पासिंगनंतर ठरलेल्या मुदतीत कुणी बघितलेलं नसतं.

माझा मावसभाऊ इंग्लंडात असतो, त्याला सांगितलं तर त्याला खरंच वाटेना. तिकडं गाडी ३ वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी नावाची टेस्ट असते आणि सरकारच्या साईटवर नुसता गाडीचा नंबर टाकला की कुणालाही फुकटात दिसतं, कुठल्या साली पास झाली, कुठल्या साली फेल, कशामुळं फेल, पुढं काय बघायला लागेल याच्या सूचना, आणि त्या दिवशी मीटर कितीवर होता ते पण. जपानात पहिली तपासणी ३ वर्षांनी आणि मग दर २ वर्षांनी. तो म्हणाला ताई तुमच्याकडं मीटर फिरवला तर कळतं कसं, म्हटलं कळत नाही, म्हणून तर फिरवतात.

आपल्याकडं त्याच्या जरा जवळ जाईल असं काय असेल तर पीयूसी, विमा आणि सर्व्हिसिंग यांच्या नोंदी. तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी पडलेल्या असतात आणि एकत्र करून द्यायला कुणी नाही, आपणच गोळा करायच्या आणि तारखेनं एकाखाली एक लिहायच्या. मी वहीत लिहिल्या, नवरा हसत होता, नंतर हसायचं बंद झालं.

आधी एमपरिवहन. फुकट आहे, गाडीचा नंबर टाकला की पासिंगची तारीख, इंधन, विमा कधीपर्यंत, पीयूसी कधीपर्यंत, गाडीवर कर्ज आहे का, आरसी चालू आहे की नाही एवढं येतं, मालकाचं नाव ताऱ्यांनी अर्धं झाकलेलं असतं. डीलरसमोर उभं राहून मिनिटात बघता येतं हे सगळ्यात चांगलं. एचपी (आरसीवरची बँकेच्या कर्जाची नोंद) उतरवलेली नसेल तर तिथंच कळतं, मग बँकेची एनओसी आणि ती नोंद काढायचा फॉर्म ३५ आधी मागायचे, "ते होईल ओ, दोन दिवसांत" यावर टोकन द्यायचं नाही. अपघात, पूर, मीटर, दुरुस्ती यातलं काहीही त्यात नसतं, ते ॲप त्यासाठी नाहीच.

आणि इथंच एक गंमत बघायला मिळाली. ॲपमध्ये फिटनेस कधीपर्यंत आहे असा एक रकाना असतो. हायवेकडच्या एका डीलरकडं २०१४ ची डिझेल हॅचबॅक होती, त्यानं मोबाईल पुढं धरला आणि म्हणाला, "हे बघा, गव्हर्मेंटनं २०२९ पर्यंत फिटनेस दिलाय, आता आणि काय पाहिजे." मला नाही म्हणाला, माझ्या दिराला म्हणाला, प्रश्न मी विचारायचा आणि उत्तर भाऊजींना मिळायचं हे सगळीकडंच चाललेलं. तर २०१४ मध्ये १५ मिळवा, २०२९. खासगी गाडी शोरूममधून निघाली त्याच दिवशी ती तारीख पडलेली असते, त्यानंतर ती गाडी विहिरीत पडली असती तरी ॲपमध्ये २०२९ च दिसलं असतं. कुणी हा रकाना दाखवून भाव वाढवत असेल तर पासिंगची तारीख बघा, बरोबर १५ वर्षांचा फरक असेल तर ती नुसती मुदत आहे, गाडी कुणी तपासलेली नाही. फरक २० चा असेल तर मात्र एकदा री-पासिंग झालंय, म्हणजे निरीक्षकासमोर गाडी उभी राहिलीय.

त्याच गाडीचं पुढचं पण सांगते. मीटर ६८ हजार. रंग चकाचक, आत परफ्युम मारलेला (एवढा वास मारलेला असला की मला आधीच शंका येते). मी ड्रायव्हरकडचं दार उघडून खांबावर बघितलं तर तिथं काही नाही, पण बोनेट उघडल्यावर आतल्या बाजूला कुठल्यातरी गॅरेजचा ऑईल बदलल्याचा स्टिकर अर्धा फाटलेला, त्यावर पेननं लिहिलेलं, पुढचं ऑईल १,१०,००० ला. डीलरला दाखवलं तर म्हणाला, "तो बोनेट दुसऱ्या गाडीचा हाय." म्हणजे मीटर वाचवायला त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं की बोनेट बदललाय! भाऊजी तिथंच हसायला लागले, आम्ही चहा पिऊन निघालो. तेव्हा स्टिकर बघत जा, बोनेटखाली, दाराच्या खांबावर, काचेच्या कोपऱ्यात, मीटर फिरवणारा स्टिकर काढायला विसरतो.

ई-चलान पण बघा, दंड किती थकलाय ते बघायला तर हवंच कारण तो नंतर तुमच्या गळ्यात येतो, पण त्यात तारीख आणि ठिकाण पण असतं. "गाडी नुसती बाजारात आणि महालक्ष्मीच्या देवळापर्यंत जाते" म्हणणाऱ्याच्या गाडीवर मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरची ओव्हरस्पीडची चलानं निघाली की आपण समजून जायचं.

पीयूसी. याला सगळे नुसती औपचारिकता म्हणतात आणि तपासणी म्हणून बघितलं तर खरंच आहे, पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरात नळी घालून कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बन बघतात, डिझेलचा धूर किती काळा ते बघतात, बाकी गाडीकडं कुणी ढुंकून बघत नाही. पण मला त्यातला आकडा नको होता, तारीख आणि गाव पाहिजे होतं. नवीन गाडीला पहिलं वर्ष माफ, नंतर बीएस-४ (धुराच्या मर्यादेचा सरकारी नियम) आणि पुढच्या गाड्यांना वर्षानं, त्याआधीच्यांना सहा महिन्यांनी पीयूसी काढायला लागते, आणि बरेच लोक जुन्या चिठ्ठ्या डॅशबोर्डच्या खणात तशाच कोंबून ठेवतात. त्या मागून घ्या, लाजू नका.

एक सिल्व्हर सेडान बघितली होती, २०१५ ची, एमएच-०९ पासिंग, आतून एकदम मस्त, सीट नवीन, भाव पण कमी. विकणारा म्हणाला गाडी पहिल्यापासून कोल्हापुरातच, मी दुसरा मालक. खणात चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. २०२० ची पीयूसी चिपळूणची. २०२१ च्या फेब्रुवारीतली पण चिपळूणची. त्यानंतर एकदम २०२२ च्या डिसेंबरची, कोल्हापूरची. आता २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी कुठपर्यंत गेलं होतं ते सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर बघितलंय. फेब्रुवारी २०२२ ला संपलेली पीयूसी डिसेंबरपर्यंत कुणी काढली नाही म्हणजे गाडी बहुतेक रस्त्यावरच नव्हती. मी काही बोलले नाही, नुसतं विचारलं की मिस्त्रीला दाखवू का, तर तो म्हणाला दाखवा की, त्यात काय. त्याचं कौतुक वाटलं मला, त्याला स्वतःला पण बहुतेक माहीत नसावं, त्याला कुणीतरी अशीच विकली असणार. मिस्त्रींनी काय बघितलं ते पुढं लिहिते.

एक लक्षात ठेवा, २०२० च्या लॉकडाऊनमधला गॅप सगळ्यांच्याच चिठ्ठ्यांत आहे, त्यावरून कुणावर संशय घेऊ नका. आणि पूर म्हणजे नुसतं आपलं गाव धरू नका. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोका पातळी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये दोन्ही वेळा पाणी ५५ च्या वर गेलं होतं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला होता, पण दोन्ही वर्षी सांगलीत पाणी होतं, शिरोळ तालुका पाण्यात होता, म्हणून एमएच-०९ बरोबर एमएच-१० (सांगली) आणि एमएच-०८ (रत्नागिरी, म्हणजे चिपळूण पण) च्या गाड्यांना पण हाच प्रश्न विचारायचा. विमा कंपनीनं टोटल लॉस केलेल्या गाड्या लिलावात जातात आणि त्यातल्या काही साफसूफ होऊन परत बाजारात येतात, दुसऱ्या जिल्ह्यात.

विम्याचे कागद बघताना लोक फक्त मुदत बघतात. त्यात नो क्लेम बोनसचा टक्का बघा. एक वर्ष क्लेम नाही तर २०, दुसऱ्या वर्षी २५, मग ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५०. मध्ये स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम घेतला की परत शून्यावर. म्हणजे सात-आठ वर्षं एकच मालक, विमा कधी खंडित नाही आणि तरी टक्का २५ दिसतोय तर दोन-तीन वर्षांमागं काहीतरी घडलंय, ते काय हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. (हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, घेताना तो आपल्याला मिळत नाही, उलट फरकाचे पैसे आपल्यालाच भरायला लागतात, एजंट हे शेवटी सांगतात.)

आता सर्व्हिस रेकॉर्ड, माझ्या मते ५ पैकी ५. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी गेली की जॉबकार्ड होतं, त्यात तारीख, त्या दिवशीचे किलोमीटर, काय तक्रार होती, काय बदललं, बिल किती, आणि हे सगळं त्यांच्या कॉम्प्युटरला राहतं. शाळेच्या हजेरीपटासारखं आहे ते, मूल हुशार आहे का ते कळत नाही पण कधी आलं आणि कधी गायब होतं ते बरोबर कळतं. तिसऱ्या माणसाला हे देत नाहीत आणि देऊ पण नये, पण मालकानं स्वतःच्या रजिस्टर मोबाईलवरून मागितलं किंवा कंपनीच्या ॲपमध्ये बघितलं की निघतं. ज्याला लपवायचं नाही तो पाच मिनिटांत पाठवतो. ज्याला लपवायचंय तो म्हणतो "बुक गहाळ झालंय." बुक गहाळ होऊ दे, कॉम्प्युटरमधलं कसं गहाळ होईल.

बघायचं काय तर किलोमीटर दर वेळी वाढलेत का, हे पहिलं. मग वर्षाला साधारण सारखे वाढलेत का. दहा-दहा हजारानं वाढणारी गाडी एकदम दोन वर्षांत दोन हजारच चालली असेल तर का. आणि आपल्याकडच्या गाडीला खास करून २०१९ चा ऑगस्ट ते दिवाळी आणि २०२१ चा जुलै ते दिवाळी या नोंदी बोट ठेवून वाचायच्या. टोचन करून आणली, वायरिंग हार्नेस बदललं, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बदललं, कार्पेट बदललं, सगळ्या ऑईल एकदम बदलल्या असं काही दिसलं तर पाणी आत गेलं होतं. या रेकॉर्डची अडचण एकच, आपल्याकडं वॉरंटी संपली की लोक गाडी बाहेरच्या गॅरेजला नेतात (स्वस्त पडतं, मी पण नेईन), म्हणून चौथ्या-पाचव्या वर्षानंतर नोंदी थांबलेल्या असतात. तिथून पुढं बाहेरची बिलं असतील तर ती, नाहीतर मिस्त्री.

मी शेवटी जी गाडी घेतली तिची हिस्ट्री इथंच सांगते कारण तिच्यामुळं माझं मत बदललं. २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, शाहूपुरीतल्या एका रिटायर्ड काकांची, एकच मालक. शाहूपुरी म्हटल्यावर मी तर फोन ठेवणारच होते. पण विचारलं पुरात होती का, तर काका म्हणाले, "होती की. २०२१ ला पार्किंगमध्ये टायरच्या वरपर्यंत पाणी आलेलं, मी गाडी चालूच केली नाही, पाणी उतरल्यावर टोचन करून सर्व्हिस सेंटरला दिली." एवढ्या गाड्या बघितल्यावर पहिला माणूस भेटला जो हो म्हणाला. जॉबकार्ड काढून दिलं, ऑगस्ट २०२१, ब्रेक खोलून साफ, व्हील बेअरिंग, कार्पेट काढून वाळवलं, इंजिन ऑईल बदललं, वायरिंगला हात लावलेला नाही. विम्याचा क्लेम घेतलेला. पॉलिसी मार्चला रिन्यू होते, म्हणजे मार्च २०२२ ला बोनस शून्य, मग २०, मग २५, आणि चालू पॉलिसीवर ३५. वहीत मांडलं तर काकांचं बोलणं, जॉबकार्ड आणि पॉलिसी तिन्ही एकमेकांशी जुळत होते. मला ही नोंद असलेली पुरातली गाडी त्या "गावाला होती"वाल्या सगळ्या गाड्यांपेक्षा परवडली, कारण हिला पाणी कुठपर्यंत लागलं आणि त्यावर काय केलं हे लिहिलेलं होतं. घरातले मात्र सगळे म्हणत होते पुरातली गाडी कशाला, सासूबाई तर दोन दिवस बोलत नव्हत्या.

म्हणून मिस्त्रींचा शब्द पाहिजे होता. शिवाजी उद्यमनगरात हे आहेत, नाव-नंबर टाकत नाही, त्यांनाच नको आहे, पण स्कॅनर आणि लिफ्ट दोन्ही असलेलं गॅरेज तिकडं कुणालाही विचारलं तर सांगतील. बघायचे सातशे रुपये घेतात, गाडी घ्या न घ्या. बोलणं तुटक, कौतुक अजिबात करत नाहीत, तुमच्या गाडीचं तर नाहीच. वेळ पाळत नाहीत हे पण लिहिते, अकराला बोलावून एक वाजवला, मध्ये एक ट्रॅक्टरवाला आला तर त्याचं आधी केलं. त्यासाठी एक स्टार कमी.

पण बघतात कसं ते सांगते. सिल्व्हर सेडान नेली तेव्हा इंजिनकडं गेलेच नाहीत. ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरला आणि पूर्ण शेवटपर्यंत बाहेर ओढला. वरचा पट्टा स्वच्छ, आणि जो भाग कायम आत गुंडाळलेला असतो तिथं एक आडवी तपकिरी रेघ आणि कापडात मातीचा कण. म्हणाले, "वैनी, सीटकव्हर बदलतील, पट्टा कोण बदलतोय." मग सीट मागं सरकवून खालच्या पटरीचे बोल्ट दाखवले, गंजलेले, आणि डॅशबोर्डखाली हात घालून एक कनेक्टर काढला तर आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. डिकीतली स्टेपनी काढून खालचा खड्डा बघितला, तो मात्र रंगवलेला होता, "हे बघा, इथं रंग मारायचं काय कारण?" दहा मिनिटांत काम संपलं. पीयूसीच्या चिठ्ठीत जो गॅप होता तो त्या पट्ट्यावर लिहिलेला सापडला. विकणाऱ्याचा चेहरा उतरला, खरंच त्याला माहीत नव्हतं.

काकांच्या गाडीला हेच सगळं केलं, पट्टा स्वच्छ, कनेक्टर पितळी चमकणारे, पटरीला थोडा गंज पण वरून नाही खालून, म्हणजे टायरच्या उंचीएवढंच पाणी आलं होतं हे काकांचं म्हणणं बरोबर. मग स्कॅनर लावला. इथं एक गोष्ट मला नवीन कळली, बरेच लोक नुसतं "एरर काही नाही" बघून खूश होतात. गाडी विकायच्या आधी एरर पुसून टाकणं पाच मिनिटांचं काम आहे. मिस्त्री बघतात एरर पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चाललीय, तो आकडा बऱ्याच गाड्यांच्या कॉम्प्युटरला असतो, आणि त्या कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का. आकडा दहा-वीस किलोमीटर आला आणि तपासण्या अर्धवट असतील तर काल-परवाच कुणीतरी पुसलंय. काकांच्या गाडीत आकडा हजारांत होता. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे, लागलाच नाही तर दिवाच काढलेला असू शकतो, हे पण त्यांनी दाखवलं.

टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, १४२१ म्हणजे २०२१ चा चौदावा आठवडा. मीटर ३० हजार दाखवतोय आणि टायर बदललेले, क्लचचं पेडल घासून गुळगुळीत, तर मीटर खोटा बोलतोय. काचांवर पण कोड असतो, सगळ्या काचा साधारण एकाच काळातल्या पाहिजेत, एकच वेगळी असेल तर ती का फुटली ते विचारा. फेंडरच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे असतील तर फेंडर काढला होता. काकांच्या गाडीचा डावा फेंडर काढला होता, काका म्हणाले स्कूटीवाला घुसला होता, तेही जॉबकार्डात निघालं.

मध्ये एकदा एका ऑनलाईन कंपनीचा इन्स्पेक्शन रिपोर्ट पण घेतला होता, दुसऱ्या एका गाडीचा. छान पीडीएफ, भरपूर फोटो, सगळीकडं हिरव्या टिका. पण गाडी लिफ्टवर घेतलेली नाही, सीटबेल्ट ओढलेला नाही, दीडशे-दोनशे पॉइंटमध्ये आरसा हलतो का आणि सिगारेट लायटर आहे का हे पण पॉइंट. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मात्र त्यांच्याकडं होतं, ते मिस्त्रींकडं नाही, त्यामुळं कुठला दरवाजा पुन्हा रंगवलाय ते त्यात नीट कळलं. ५ पैकी २, गाव लांब असेल आणि जाणंच शक्य नसेल तर घ्या.

ज्यांना अजून जुनी गाडी घ्यायचीय त्यांच्यासाठी: मी एक २००९ ची पण बघितली होती, २०२४ ला री-पासिंग झालेली, म्हणजे निदान एकदा निरीक्षकासमोर उभी राहिलेली, लाखाच्या आत मिळत होती. मोह झाला. पण हिशोब करा, कारच्या री-पासिंगची फी एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५,००० झाली, ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या गाडीला १०,०००, त्यावर पर्यावरण कर वेगळा, आणि पासिंगला नेण्याआधी गाडीला जो खर्च येतो तो वेगळाच. २०२९ ला ती गाडी २० ची होणार. आरटीओ ताराबाई पार्कात, आमच्यापासून लांब नाही, पण एवढ्यासाठी तिथं जायची हौस नव्हती. घेणार असाल तर री-पासिंगची तारीख आणि त्या सुमाराची गॅरेजची बिलं दोन्ही बघा, पासिंगपुरते चांगले टायर लावून नंतर जुने चढवतात असंही मिस्त्रींनी सांगितलं.

काकांनी ३ लाख ४० सांगितले होते, ३ लाख १५ ला दिली. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९, ३० वर सह्या झाल्या, एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) पाटी एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला लागतेच, ती आम्ही काकांनाच लावून द्यायला सांगितली, विमा नावावर करायला १४ दिवसांची मुदत असते तो आठवड्यातच केला. बोनसच्या फरकाचे पैसे भरले.

मिस्त्रींकडं गाडी नेणार असाल तर दोन गोष्टी. गाडी रोजच्यासारखी चालवून न्या, त्याच दिवशी बॅटरी काढून लावलेली असेल तर स्कॅनरमध्ये तपासण्या अर्धवट येतात आणि ते सरळ परत पाठवतात, परत सातशे. आणि इंजिन थंड असताना पहिलं स्टार्ट त्यांच्यासमोर झालं पाहिजे असा त्यांचा आग्रह असतो, म्हणून गाडी आदल्या संध्याकाळीच तिथं लावून यायची.